सात महिने उलट्या, मग बाळ, आणि मला काहीच वाटेना

मीठभाकर | १२ जानेवारी, रात्री १:४०

इथे दोन वर्षं नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. लेक साडेतीन महिन्यांची आहे. आत्ता उजव्या हातावर झोपलीय आणि मी डाव्या अंगठ्यानं टाइप करतेय, तेव्हा चुका पदरात घ्या.

मला सहाव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. आधी फोडणीचा वास, मग कुकरची वाफ, मग नवऱ्याचा साबण, शेवटी शेवटी पाण्याचासुद्धा. पाण्याला वास असतो हे मला तेव्हा कळलं. फेब्रुवारीत मार्केट यार्डात नवी हळद यायला लागते. आमचं घर तिथून लांब नाही, वारा तिकडचा असला की खिडक्या लावून बसायचे. हळदीवर जगणाऱ्या सांगलीत राहायचं आणि हळदीचं नाव काढलं की उमासे! दिवसाला दहा-बारा वेळा तरी, पुढे मोजणं सोडून दिलं. ५४ किलोची ४७ वर आले. तीनदा सलाईनसाठी ॲडमिट. कुपवाडला एमआयडीसीत अकाउंट्सला होते, मार्चमध्ये नोकरी सोडली. चौथ्यात थांबेल म्हणाले, पाचव्यात थांबेल म्हणाले. सातव्यात डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं झालं, आणि बायका गाणी म्हणत असताना मी उठून मोरीकडे पळाले. उशाशी ॲल्युमिनियमचं एक पातेलं असायचं, काठाला पोचा आलेलं. तो पोचा मी अजून डोळे मिटून काढून दाखवीन.

सप्टेंबरअखेर लेक झाली. नर्सनं छातीवर ठेवली. सगळ्या जणी सांगतात तो क्षण. माझ्या डोक्यात एकच आलं, अरे, मळमळत नाहीये. खरंच नव्हतं. थोड्या वेळानं चहा मागितला, कपभर प्याले आणि तो पोटात राहिला. आठ महिन्यांतला पहिला. त्या चहाची चव, वरची साय, कपाचा टवका उडालेला कान, सगळं आठवतं. लेकीचा चेहरा त्या दिवशी कसा होता ते आठवत नाही.

आता सगळं करते. पाजते, न्हाऊ घालते, एक लस चुकवली नाही. पण शेजारणीचं बाळ सांभाळायला घेतलंय आणि संध्याकाळी ती येऊन घेऊन जाईल, असं काहीतरी वाटत राहतं. अजून एक, हे कुणालाच सांगितलेलं नाही. ती दूध पिऊन गुळणी टाकते ना, तो आंबूस वास आला की माझं अंग ताठ होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि मी तिला लांब धरते. लगेच जवळ घेते. पण आधी लांब धरते.

परवा आत्या (सासूबाई) सहज बोलून गेल्या, "पोटात असताना फार छळलं ना हिनं, म्हणून तुझा जीव बसंना तिच्यावर." वाईट मनानं नाही बोलल्या. पण ते डोक्यातून जाईना. असं असतं का? त्या दिवसांत मी दोन-तीनदा रडत म्हणाले होते की नको मला हे बाळ. तिला ते कळलं असेल का?

---

सईची_आई | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

अगं मीच लिहिलंय असं वाटलं. पातेल्याच्या जागी आमच्याकडे रंगाचा रिकामा डबा होता. तू एकटी नाहीस एवढंच आत्ता सांगते, डबा भरायचाय. (हा वेगळा डबा!)

---

रातपाळी | १२ जानेवारी, दुपारी ३:१५

मिरजेत प्रसूती विभागात काम करते, यापेक्षा जास्त ओळख सांगत नाही. इथे कुणाला औषध सुचवणार नाही. पण मीठभाकर, तुमच्या दोन गाठी आहेत, उलट्या कशानं झाल्या ही एक आणि जीव का बसत नाही ही दुसरी. त्यातली पहिली सोडवता येते.

साधी मळमळ शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणींना होते. तुम्हाला झालं ते वेगळं. त्याला हायपरएमेसिस म्हणतात, आम्ही बोलताना एचजी म्हणतो. शंभरात फार तर तिघींना होतो, बऱ्याच पाहण्यांत त्याहून कमी. वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरणं ही त्याची जुनी खूण. तुमचं तेरा टक्के उतरलं.

हे कशानं होतं ते गेल्या काही वर्षांत बरंच उलगडलंय. जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आहे. आपल्या सगळ्यांच्या रक्तात ते थोडं असतं, गर्भारपणात वारेतून ते आईच्या रक्तात भरमसाठ येतं, आणि मेंदूच्या देठाशी जो उलटीचा कारभार चालतो तिथे जाऊन लागतं. केंब्रिजचे स्टीफन ओराहिली आणि अमेरिकेच्या मार्लेना फेझो यांच्या गटाचा यावरचा निबंध डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आला. गंमत अशी की त्रास नुसता किती आलं यावर ठरत नाही, आधी अंगाला सवय किती होती यावरही ठरतो. दिवस राहण्याआधी जिच्या रक्तात हे कमी, ती जास्त लोळते. बीटा थॅलेसेमिया (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) असलेल्या बायकांत ते कायमच चढं असतं, त्यांना मळमळ फारच कमी होते. पुण्याच्या पाहुण्याला आपल्याकडचा तांबडा रस्सा पहिल्याच घासाला वाटीभर पाजावा, तसं समजा. रस्सा तोच, घरच्यांना काही होत नाही.

फेझोबाईंना हा ध्यास लागला तो स्वतःवर बेतल्यामुळे. १९९९ मध्ये याच आजारात त्यांचं बाळ पोटातच गेलं.

सासूबाईंचं म्हणणं मात्र नवं नाही हं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठमोठे डॉक्टर हेच लिहायचे, की बाईला मनातून मूल नको असतं म्हणून तिचं शरीर ते ओकून टाकायला बघतं. फ्रॉइडच्या पंगतीतली कल्पना. सासूबाईंनी फ्रॉइड वाचला नसावा, पण विचार कसे फिरत फिरत सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत येतात बघा. जीव बसत नाही म्हणून उलट्या, किंवा उलट्या झाल्या म्हणून जीव बसत नाही, दोन्हीकडून दोष बाईच्याच पदरात.

दुसऱ्या गाठीबद्दल रात्री लिहिते, आत्ता बोलावणं आलं.

---

स्पष्टवक्ता | १२ जानेवारी, सायं. ५:०२

राग मानू नये. आमच्या आईला आम्ही चार. प्रत्येक खेपेला उलट्या, तरी सातव्या महिन्यापर्यंत भांगलणीला जायची. तिला डिप्रेशन हा शब्द ठाऊक नव्हता म्हणून ते झालंही नाही. मोबाईल बाजूला ठेवून बाळाकडे बघितलं की माया आपोआप येते.

---

सईची_आई | १२ जानेवारी, सायं. ५:१०

स्पष्टवक्ता, आईला कधी विचारलंत का?

---

जुनी_खोड | १२ जानेवारी, रात्री ८:३०

मला विचारा, मी तुमच्या आईच्याच पिढीतली. अडुसष्ट पूर्ण. वाळवा तालुक्यात सून म्हणून गेले, शाळेत शिकवायचे, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली.

थोरला माझ्या पोटात असताना कारखान्याचा सीझन चालू होता. ज्यांनी मळीचा वास रात्रंदिवस घेतलाय त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते. पोटात पाणी ठरायचं नाही. सासूबाई साळीच्या लाह्या रात्रभर भिजत घालायच्या आणि ते पाणी फडक्यातून गाळून चमच्या-चमच्यानं पाजायच्या. कधी राहायचं, कधी नाही. तालुक्याच्या गावी नेऊन दोन बाटल्या सलाईन लावलं, परत आणलं. तेव्हा कोण विचारतंय तुझ्या मनात काय आहे ते?

आता खरं सांगते, वय झालं, लाज राहिली नाही. थोरला झाल्यावर सहा-सात महिने मला त्याचं काही वाटायचं नाही. रडला तर 'आलं वाटतं' असं व्हायचं. पण घरात चौदा माणसं. सकाळी नणंद न्यायची, दुपारी जाऊ, संध्याकाळी मामंजी त्याला घेऊन पारावर. माझ्याकडे फक्त पाजायला यायचा. माझी माया कमी पडतेय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्याला ती कमी पडत नव्हती. तुमच्या आईचंही असंच झाकलं गेलं असेल, स्पष्टवक्ते. झालं नाही आणि दिसलं नाही यात फरक आहे.

जावळ काढायच्या दिवशीची गोष्ट. मामाच्या मांडीवर बसवलेला, न्हाव्यानं डोक्याला पाणी लावलं आणि त्यानं भोकाड पसरलं. आसपास सगळी त्याची रोजची माणसं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत बघत गेला, नणंदेवरून, जावेवरून, सगळ्यांवरून, आणि दारात मी उभी होते तिथे येऊन थांबला. रडणं बंद. एवढ्या माणसांत त्यानं मला हुडकलं. मी काही केलं नव्हतं हो त्याच्यासाठी. त्या दिवशी मी रात्री रडले, आणि त्यानंतर मला तो माझा वाटायला लागला. आज सत्तेचाळीस वर्षांचा आहे, इचलकरंजीला असतो, रोज फोन करतो. फोनवर फार बडबडतो, ते सोडा.

---

बेदाणा | १२ जानेवारी, रात्री ९:१२

आजी, लोटांगण.

माझी उलटी केस. तासगावजवळ आमचं बेदाणा शेड आहे. गंधकाची धुरी दिली की काय वास सुटतो ते इथल्यांना माहीत असेल. मार्चमध्ये माझा तिसरा महिना. शेडपासून घर दोनशे पावलांवर. शेवटी माहेरी मिरजेला येऊन राहिले. वजन, सलाईन, सगळं मीठभाकरसारखंच, फक्त वीस आठवड्यांनी बऱ्यापैकी थांबलं. लोहाच्या गोळ्यांनी आणखी ढवळायचं. डॉक्टरांनी काही आठवडे त्या बंद केल्या, तेवढाच आराम.

पण मुलगी हातात आली आणि मला पहिल्या सेकंदाला भरून आलं. नंतर उदासही वाटलं नाही. म्हणजे एवढ्या उलट्या झाल्या की माया लांबतेच, असा काही नियम नाही. मला जे राहिलं ते वेगळंच राहिलं, भीती. दुसऱ्यांदा चान्स घ्यायला सहा वर्षं लागली. पाळी चार दिवस लांबली तरी हातपाय गार. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पाळी चुकल्या चुकल्याच गोळ्या सुरू केल्या, उलट्या झाल्या पण ॲडमिट व्हावं लागलं नाही. पहिल्या वेळी 'सगळ्यांना होतं' म्हणत आम्ही चार आठवडे घालवले होते.

जाता जाता, पहिल्या वेळी शेजारच्या दोघी म्हणाल्या, "एवढ्या उलट्या म्हणजे मुलगीच." झाली मुलगीच. पण त्या बोलण्यातला सूर मला आवडला नव्हता. आपल्या भागात असलं बोलणं कुठे जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

रातपाळी | १२ जानेवारी, रात्री ११:४५

बेदाणा यांच्या शेजारणींचं बोलणं आकड्यांत अगदी थोडं खरं आहे. स्वीडनमध्ये मोठी पाहणी झाली होती, उलट्यांमुळे ॲडमिट झालेल्यांपैकी साधारण ५६ टक्के जणींना मुली झाल्या. म्हणजे ४४ टक्के जणींना मुलगे. नाणं उडवण्यापेक्षा फार वेगळं नाही. यावरून कुणी काही ठरवायला जाऊ नये.

आता दुसरी गाठ. लंडनच्या तीन रुग्णालयांत एचजी असलेल्या १०६ जणी आणि नसलेल्या १०८ जणी घेऊन एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. पहिल्या तीन महिन्यांत एचजीवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणींत नैराश्य निघालं, दुसऱ्या गटात ६ टक्के. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी विचारलं तर २९ टक्के आणि ७ टक्के. म्हणजे उलट्या थांबल्या की मनही झटकन मोकळं होतं, हे निदान सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. 'बाळ झालं की सगळं विसरशील' असं आम्ही वॉर्डात उठता-बसता म्हणतो, मीही म्हटलंय. आता म्हणत नाही.

पण त्याच अभ्यासात बाळाशी जुळणाऱ्या नात्याचंही मोजमाप केलं होतं, आणि एचजीचा त्या नात्याशी थेट संबंध सापडला नाही. हे तुम्ही दोनदा वाचा, मीठभाकर. उलट्यांनी माया आटत नाही. उलट्यांनी बाई खंगते, एकटी पडते, नोकरी जाते, आणि त्यातून नैराश्य शिरलं तर ते मायेच्या वाटेत आडवं येतं. तेव्हा शोधायचं आहे ते नैराश्य. त्याला उपाय आहेत.

"नको मला हे बाळ" याबद्दल. मी ते वाक्य वॉर्डात इतक्या वेळा ऐकलंय की मोजत नाही. तेव्हा बाईला उलटी नको असते, आणि तिला दुसरं दार दिसत नसतं. गर्भाला शब्दांचा अर्थ कळत नाही.

---

घाटमाथा | १३ जानेवारी, सकाळी १०:२०

या धाग्यावर पुरुष कमी दिसतात म्हणून लिहितो. गाव खानापूर घाटमाथ्यावर, नोकरी सांगलीत.

बायकोला असाच त्रास झाला, सहा महिने. माझं योगदान काय, तर "थोडं तरी खा" हे वाक्य. रोज. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि मी बाल्कनीत दार लावून भडंग खातोय, कुरकुर आवाज येऊ नये म्हणून एकेक दाणा. तरी तिला वास जायचाच. एकदा म्हणाली, "तू ऑफिसातून येऊच नकोस." मला राग आला. तेव्हा कळायला हवं होतं.

मुलगा झाला, ती माहेरी गेली. फोनवर सगळं छान. दोन महिन्यांनी सव्वा महिना वगैरे आटपून परत आली तेव्हा मला एक चमत्कारिक वाटलं. ती त्याला सगळं वेळच्या वेळी करायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. एक अक्षर नाही. माझी आई बोलायची, मी बोलायचो, शेजारच्या काकू बोलायच्या, ती गप्प. मी म्हटलं दमली असेल. नवव्या आठवड्यात एका रात्री शांतपणे म्हणाली, "याला तुझ्या आईकडे ठेव, मी कुठेतरी निघून जाते. सगळ्यांचं बरं होईल." रडली नाही. बाजाराची यादी सांगावी तशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तिथे दहा प्रश्नांचा एक कागद दिला, एडिंबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन, एकूण ३० पैकी. १३ किंवा वर आले तर नीट तपासणी करायची. हिचे १९. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, त्यावर तिनं "कधी कधी" वर खूण केली होती. मी शेजारी बसलो होतो. दोन वर्षं झाली, ती खूण अजून दिसते.

गोळ्या सुरू झाल्या, अंगावर पाजत असताना चालतील अशा, पाजणं थांबलं नाही. आमच्याकडे पहिला फरक तिसऱ्या आठवड्यात दिसला. मुलाचा पायमोजा सापडेना, तर ती त्याला म्हणाली, "काय रे, खाल्लास का?" बस्स. मी स्वयंपाकघरात होतो, तसाच उभा राहिलो.

मीठभाकर, तुमच्या घरच्यांपैकी कुणाला तरी हा धागा वाचायला द्या.

---

पायपीट | १३ जानेवारी, दुपारी २:४०

मी पलूस तालुक्यात आशा आहे. दवाखान्यात बाळंत झालेलीच्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध. घाटमाथा दादांनी लिहिलं ते मी दारातूनच ओळखायला शिकलीय. बाळाचं विचारलं की सगळं बरोबर सांगते, किती वेळा शी, किती वेळा शू. "आणि तू गं?" म्हटलं की सासूकडे बघते नाहीतर दाराकडे. अशीच्या घरी मी पाणी मागते. सासू पाणी आणायला आत जाते, तेवढ्यात बोलून घ्यायचं.

एक अडचण सांगते. गरोदरपणात उलट्या कुणाला किती झाल्या ते सासरच्या आशाला माहीत, आणि पहिली बाळंत होते माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. तिथली ताई बिचारी कोऱ्या पाटीनं येते. आता आमच्यातल्या आम्ही फोन करतो एकमेकींना. कुणी सांगितलं नाही, आमचं आम्हीच चालू केलं.

---

स्पष्टवक्ता | १३ जानेवारी, सायं. ४:१५

लंडनच्या बायकांवरून वाळव्याच्या बायकांचं ठरवायचं, हे काही पटत नाही. तिकडे घरात मदतीला कोण असतं? आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, तेल-मालिश, डिंकाचे लाडू. एवढं कौतुक झाल्यावर कसलं नैराश्य?

---

रातपाळी | १३ जानेवारी, रात्री १०:३०

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. लंडन नको, गोवा घ्या. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास छापला, सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्क्यांत नैराश्य. तिथेही तेल-मालिश असतंच. तिथे धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. २०१७ मध्ये भारतभरच्या ३८ अभ्यासांची बेरीज करून २२ टक्के आकडा आला. म्हणजे साधारण पाचातली एक. डिंकाचे लाडू जरूर द्या, मला स्वतःला आवडतात. पण मायेनं लाडू भरवणाऱ्या घरातसुद्धा "तुला कसं वाटतंय" हे विचारायचं राहून जातं.

---

मीठभाकर | १३ जानेवारी, रात्री ११:५५

सगळं वाचलं. आजींचं तीनदा. घाटमाथा, तुमचा प्रतिसाद यांना वाचायला दिला, काही बोलले नाहीत, पण भांडी घासून ठेवली.

मी रोज रडत नाही. झोप येत नाही, ती झोपली तरी. भूक लागते, जेवते. मरावं असं वाटत नाही. मग हे नैराश्य की नुसतं थकणं? आणि पहिल्या दिवशी काही न वाटणं, ते कशात मोडतं?

---

रातपाळी | १४ जानेवारी, सकाळी ७:१०

तिळगूळ घ्या आधी.

पहिल्या दिवशी काही न वाटणं कशातच मोडत नाही. १९८० मध्ये रॉबसन आणि कुमार या दोघांनी लंडनमधल्या आयांना विचारलं होतं, बाळ पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय वाटलं? पहिलटकरणींपैकी ४० टक्के म्हणाल्या, काही विशेष नाही. दुसरेपणच्यांतही २५ टक्के. वेणा फार सोसल्या होत्या त्यांच्यात जास्त. बहुतेकींना आठवड्याभरात माया आली. काहींना जास्त वेळ लागला. चहा आठवणं आणि चेहरा न आठवणं हा गुन्हा असेल तर तुमच्या बरोबर बऱ्याच जणी आरोपी आहेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचे साडेतीन महिने झालेत, आणि बाळ झोपलेलं असताना तुम्हाला झोप येत नाही. ही गोष्ट मी हलक्यात घेणार नाही. रडू येत नाही म्हणजे नैराश्य नाही असं समजू नका. तपासून घ्या. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: बाळंतपणानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत बाई दोन-दोन रात्री अजिबात झोपेना, भलतंच बोलायला लागली, बाळात काहीतरी शिरलंय असं म्हणाली, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना. हजार बाळंतपणांत एक-दोनदाच होतं, पण तेव्हा तासांचा हिशेब असतो.

---

बेदाणा | १४ जानेवारी, दुपारी १२:०५

रातपाळी, तुम्ही झोपता कधी?

---

रातपाळी | १४ जानेवारी, दुपारी १२:४०

नावातच उत्तर आहे.

---

मीठभाकर | २५ जानेवारी, दुपारी ३:२०

उशीर झाला, माफ करा. नणंदेला घेऊन गेले होते. तोच दहा प्रश्नांचा कागद. माझे १४. दहाव्याला शून्य. डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास ऐकून घेतलं, मधे लेक रडली तर नणंद बाहेर घेऊन गेली. सौम्य ते मध्यम आहे म्हणाल्या. दर आठवड्याला बोलायला जायचं, रात्रीचं एक दूध काढून ठेवून यांनी पाजायचं म्हणजे मला सलग पाच तास मिळतील, आणि चार आठवड्यांनी बघून गोळ्यांचं ठरवायचं.

गुळणीचं सांगितलं. सांगताना लाज वाटली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सात महिने अंगाला एक धडा मिळालाय की आंबूस वास आला की पुढे काय होतं. अंग तो धडा म्हणून दाखवतंय, त्याला बाळ कोण, पातेलं कोण, कळत नाही. दोन आठवडे ढेकर काढायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं, मी नुसतं जवळ बसायचं. मग हळूहळू खांद्यावर घ्यायची, आधी जाड टॉवेल, मग पातळ पंचा. आज चौथा दिवस. आत्या ढेकर काढतात आणि मी शेजारी बसून लसूण सोलते. लसणाचा वास आता चालतो!

आत्यांना रातपाळींचं पहिलं लिखाण वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, म्हणाल्या, "म्हंजे रक्तातलंच होतं व्हय." मग बराच वेळ गप्प. मग त्यांनी सांगितलं की यांच्या वेळी त्यांनाही पाचव्यापर्यंत काही ठरत नव्हतं, आणि त्यांच्या सासूनं त्यांना म्हटलं होतं, पोर नको असल्याची नाटकं करतेस. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलल्या.

आणि ते पातेलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, त्यात काही शिजवू नका हं पुन्हा. त्या म्हणाल्या, "मला काय कळत न्हाई? कवाच कोथिंबीर लावलीया त्यात." खरंच, मागच्या गॅलरीत. तळाला भोकं पाडून.

---

सईची_आई | २५ जानेवारी, दुपारी ४:००

आत्यांना माझा नमस्कार सांग. 😄

---

नवखी_पोटुशी | २५ जानेवारी, रात्री ८:१५

धागा आजच वाचला. मला सातवा आठवडा, कालपासून पाणीही ठरत नाहीये. आजी, त्या साळीच्या लाह्या सांगलीत कुठे मिळतील?

---

जुनी_खोड | २५ जानेवारी, रात्री ८:४०

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ढिगानं असतात. एरवी मारुती रोडच्या बाजूला पूजेच्या सामानाच्या नाहीतर काष्ठौषधीच्या दुकानात विचार. पण पाणीसुद्धा ठरत नसेल तर लाह्या हुडकत बसू नकोस.

---

रातपाळी | २५ जानेवारी, रात्री ९:०५

आजींना अनुमोदन. लघवी कमी झालीय का, गडद आहे का बघा, आणि आजच, उद्या नव्हे, जवळच्या दवाखान्यात जा. किती दिवस उलट्या चालू आहेत ते नीट सांगा. बरेच दिवस पोटात काही ठरलेलं नसेल तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, ते त्यांना त्यावरून ठरवता येईल. पोचलात की इथे एक ओळ टाका.

---

नवखी_पोटुशी | २६ जानेवारी, सकाळी ९:३०

काल रात्री ॲडमिट. दुसरी बाटली चालू आहे. सकाळी दोन घोट पाणी राहिलं.

---

मीठभाकर | २६ जानेवारी, सकाळी ९:५०

बरं वाटलं वाचून. उलट्या थांबोत न थांबोत, इथे येऊन लिहीत जा, रात्री दीडला मी जागीच असते. पातेलं आधीच एक बाजूला काढून ठेव, आणि मोठं घे, लहान उपयोगाचं नाही. अजून दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत, पण आत्या देवळात गेल्यात आणि खोलीतून खाकरल्यासारखा आवाज आला. गुळणी टाकली वाटतं. बघते.